स्ट्रट नवे, स्प्रिंग नव्या, अलाइनमेंट तीनदा. तरी गाडी ओढतेच

पुढचे दोन्ही स्ट्रट (स्प्रिंग ज्यावर बसते ते शॉकअप) आणि स्प्रिंग बदलल्या तेव्हा गाडी अकरा वर्षांची होती आणि मीटरवर १ लाख १८ हजार किलोमीटर झाले होते. साधी पेट्रोल हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई. काम एका दिवसात उरकलं, लगेच अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचे कोन जुळवणंही, करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून पुण्याला निघालो. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर जे 'एस' वळण लागतं, तिथे स्टिअरिंग सरळ करायला गेलो तर ते मध्यावर यायलाच तयार नाही. हाताने ओढून आणावं लागलं. जुने गळके शॉकअप होते तेव्हा गाडी डुलायची, खड्ड्यात आदळायची, पण निदान सांगितलेलं ऐकायची तरी.

पुढच्या तीन महिन्यांत अलाइनमेंट आणखी दोनदा झालं. तिन्ही कागदांवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. कधी डावीकडे ओढायची, कधी उजवीकडे. मिस्त्री म्हणायचे, "साहेब, नवा माल आहे, बसायला वेळ लागतो." नवी स्प्रिंग थोडी बसते हे खरं आहे. पण ती बसली की गाडी काही मिलिमीटर खाली येते, एवढंच. सकाळी डावीकडे आणि दुपारी उजवीकडे ओढणं हा बसण्याचा प्रकार नव्हे.

शेवटी दोष सापडले. एक नव्हे, दोन होते, आणि एकाने दुसऱ्याला झाकून ठेवलं होतं. म्हणून ते कसे शोधले ते जरा सविस्तर लिहितो.

आधी तक्रार नीट सांगा

"हँडलिंग बिघडलंय" एवढं सांगून गाडी दिली की गॅरेजवाला पुन्हा टो (वरून बघता चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलीत ते) सेट करून परत देतो. त्याची चूक नाही, आपण त्याला दुसरं काही सांगितलेलंच नसतं. सपाट, मोकळ्या जागी ३०-४० च्या वेगाने गाडी चालवा आणि कागदावर लिहा. एकाच बाजूला सतत ओढते का? वळण घेतल्यावर, ज्या बाजूला वळलो त्याच बाजूला ओढत राहते का? ओढत नाही पण सरळ रस्त्यावर भरकटते, सारखं स्टिअरिंग दुरुस्त करावं लागतं का? वळणात स्टिअरिंगमधून 'टण' असा आवाज येतो का? की दिशा ठीक आहे आणि फक्त उसळते? या प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. माझी तक्रार दुसऱ्या प्रकारची होती, पण हे मला तीन महिन्यांनी कळलं, कारण तोवर मी "ओढते" एवढंच सांगत होतो.

चाचणी करताना रस्त्याचा उतार विसरू नका. आपल्याकडे दोन पदरी रस्त्याचा मधला भाग उंच असतो आणि पाणी जाण्यासाठी दोन्ही कडांना उतार असतो. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणं साहजिक आहे. अलाइनमेंटवाला "रोडमुळे जातंय" म्हणतो तेव्हा तो दर वेळी टोलवत असतोच असं नाही. खात्री करायची तर रिकाम्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी चालवून बघा. माझ्या गाडीत इथेच एक गंमत होती. डाव्या बाजूने जाताना ती बऱ्यापैकी सरळ जायची आणि ओव्हरटेक करायला उजव्या बाजूला गेलो की उजवीकडे खेचायची. तेव्हा मी मनावर घेतलं नाही. नंतर याच निरीक्षणाने दुसरा दोष पकडून दिला.

पाच मिनिटांच्या गोष्टी

टायर थंड असताना हवा तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो, पंपवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका. एका पुढच्या चाकात पाच-सहा पीएसआय कमी असले तरी गाडी त्या बाजूला ओढते. चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासून घ्या. शॉकअपचं काम करताना चाकं काढलेली असतात आणि घाईत एखादा नट हातानेच फिरवलेला राहतो. तसं असेल तर हँडलिंगचा विचार नंतर. काढलेलं चाक त्याच जागी बसवलं का, तेही बघा. पुढची दोन चाकं आपसात बदलल्यावर ओढण्याची बाजूही बदलली तर दोष टायरमध्ये आहे, सस्पेन्शनला हात लावू नका. फक्त टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करता येत नाही.

मग उंची मोजा. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं, चारही बाजूंना. पुढच्या डाव्या-उजव्यात सेंटीमीटरभराहून जास्त फरक असेल तर बहुधा एक स्प्रिंग जागेवर बसलेली नाही. स्प्रिंगचं खालचं टोक स्ट्रटच्या वाटीतल्या खाचेला टेकलं पाहिजे. ते खाचेच्या आधी थांबलं किंवा खाचेवर चढलं तर स्प्रिंग तिरकी बसते आणि उंची बदलते. चाक पूर्ण वळवून टॉर्च मारली की चाक न काढताही हे दिसतं. माझ्या गाडीत चार मिलिमीटरांचा फरक निघाला, म्हणजे काहीच नाही.

स्टिअरिंग मध्यावर येत नसेल तर वर बघा

मॅकफर्सन स्ट्रटची रचना लक्षात घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही कल्पना. १९५० साली ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ती होती, आणि आज आपल्या बहुतेक सगळ्या लहान गाड्यांच्या पुढे तीच आहे. स्वस्त आणि आटोपशीर, कारण एकाच नळीला तीन कामं दिली आहेत. ती धक्का जिरवते, स्प्रिंगला बैठक देते आणि चाक वळतं तेव्हा स्वतःही फिरते. या तिसऱ्या कामाकडे दुर्लक्ष होतं. चाक वळलं की स्ट्रट फिरतो, त्याच्यासोबत स्प्रिंगही फिरली पाहिजे, पण वरचं माउंट तर बॉडीला बोल्टने जखडलेलं. या दोघांच्या मध्ये एक चपटं बेअरिंग असतं. ते मोकळं फिरलं तर स्प्रिंगही मोकळी फिरते.

ते जाम असेल तर काय होतं बघा. तुम्ही डावीकडे वळता, स्प्रिंगचं खालचं टोक फिरतं, वरचं अडकून राहतं आणि स्प्रिंगला पीळ पडतो. पीळ वाढला की बेअरिंग झटक्यात सरकतं, तोच तो 'टण' आवाज. आता स्प्रिंगची पीळ नसलेली जागा डावीकडे गेलेली असते. तुम्ही स्टिअरिंग सरळ केलं की पीळ उलट्या दिशेने पडतो आणि स्प्रिंग चाकाला पुन्हा डावीकडे ढकलू लागते. उजवीकडे वळलात की हेच सगळं उलट. म्हणून गाडी कधी इकडे, कधी तिकडे. आणि अलाइनमेंटच्या रॅम्पवर येण्याआधी शेवटचं वळण कुठलं घेतलं होतं, त्यावर स्टिअरिंगचा मध्य ठरायचा. तीन वेळा सेट केलेलं तीन वेळा का फिस्कटलं, त्याचं उत्तर इथे होतं.

तपासणी घरी होते. बॉनेट उघडा, गाडी चाकांवर उभी असू द्या, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने चाकाच्या कमानीतून हात घालून स्प्रिंगला बाहेरून तळवा टेकवायचा. वेटोळ्यांच्या मध्ये बोटं घालायची नाहीत, हे मुद्दाम सांगतो. स्प्रिंग चाकाबरोबर एकसारखी फिरली तर बेअरिंग ठीक. ती थांबून थांबून उडी मारत असेल तर कारण मिळालं. माझ्या गाडीत डावीकडे हाताला चक्क झटका बसला.

रस्त्यावरची खूणही सोपी आहे. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून गोल फेरी मारा, सरळ करा, पकड सैल सोडा. गाडी डावीकडे गेली? आता उजवीकडे फेरी मारून तेच करा. ती उजवीकडे गेली तर टो किंवा कॅम्बर (समोरून बघता चाक किती कललंय ते; वरचं टोक आत कललं तर उणे, बाहेर कललं तर अधिक) यांच्या मागे लागू नका.

स्ट्रट खोलल्यावर दिसलं ते असं. मिस्त्रींनी स्ट्रट नवे टाकले, स्प्रिंग नव्या टाकल्या, पण माउंट आणि बेअरिंग जुनीच पुसून बसवली. उजवीकडचं बेअरिंग गंजून खरखरीत झालं होतं. डावीकडचं उलटं बसवलेलं होतं, त्यामुळे फिरणारा भाग माउंटला घट्ट दाबला गेला होता. अकरा पावसाळे खाल्लेलं बेअरिंग पुन्हा बसवणं ही काटकसर नव्हे. शॉकअपच्या किमतीपुढे बेअरिंगचा खर्च किरकोळ असतो, मजुरी मात्र दोन्ही वेळा पूर्ण द्यावी लागते. शॉकअप बदलताना माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर आदळू नये म्हणून असलेला मऊ ठोकळा) आणि धुळीचं रबर हे एकाच यादीत लिहून द्या. जुना बंप स्टॉप हातात घेऊन चुरगळून बघा. माझ्या गाडीतल्याचा भुगा झाला.

यातलं एकही काम स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगवरचा वरचा नट सुटला तर ती जीव घेऊ शकते. तपासणी घरी, खोलणं गॅरेजमध्ये.

गॅरेजमध्ये उभे असाल तर आणखी दोन गोष्टींवर नजर ठेवा. आडवा पडलेला नवा स्ट्रट तसाच बसवू नये. उभा धरून दांडा चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करावा, म्हणजे तेलात मिसळलेला वायू वर जातो. हे न केल्यास पहिले काही किलोमीटर शॉकअप पोकळ लागतो. दुसरं, वरचा नट आवळताना हवेची गन लावली की आतला दांडाच गरागरा फिरतो आणि सील व पिस्टनला इजा होऊ शकते. दांडा अॅलन कीने धरून पान्याने आवळायचा असतो. गनचा घुर्र आवाज आला की मी आता सरळ "थांबा" म्हणतो.

हिरवे आकडे आणि दोन बाजूंमधला फरक

नवी बेअरिंग बसली, स्टिअरिंग मध्यावर येऊ लागलं, 'टण' थांबला. पण आता एक गोष्ट स्पष्ट झाली, गाडी सतत उजवीकडे जात होती. आधीच्या इकडे-तिकडे ओढण्यात ही दडून गेली होती.

तिसऱ्या अलाइनमेंटचा कागद पुन्हा काढला. कॅम्बर डावीकडे उणे १ अंश १० कला, उजवीकडे उणे १५ कला (६० कला म्हणजे एक अंश). कंपनीची मर्यादा उणे १ अंश १५ कलांपासून अधिक पाऊण अंशापर्यंत. दोन्ही मर्यादेत, म्हणून दोन्ही हिरवे. पण दोघांतला फरक ५५ कला, जवळजवळ एक अंश. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर ज्या चाकाचा कॅम्बर जास्त अधिक बाजूला असतो तिकडे गाडी ओढते. म्हणजे माझ्या गाडीत उजवीकडे. डाव्या बाजूने जाताना रस्त्याचा उतार तिला डावीकडे न्यायचा आणि हिशोब फिटायचा. ओव्हरटेकसाठी रस्त्याचा कणा ओलांडला की उतारही उजवीकडे आणि कॅम्बरही उजवीकडे. मैदानातल्या चाचणीत मात्र बेअरिंगचा पीळ इतका जोरात होता की हे जाणवलंच नाही.

कॅस्टरचंही (बाजूने बघता चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो किती मागे कललाय ते) असंच वाचायचं, फक्त तिथे ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूला गाडी जाते. कागदाची वरची ओळ हिरवी आहे का हे बघू नका, डाव्यातून उजवा वजा करा.

हा फरक आला कुठून? स्ट्रटचं खालचं टोक नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागाला, दोन जाड बोल्टने जोडलेलं असतं. भोकं बोल्टपेक्षा किंचित मोठी असतात. काही गाड्यांत वरचा बोल्ट मुद्दाम लंबवर्तुळी गाळ्यात असतो, कॅम्बर जुळवण्यासाठीच. बोल्ट काढून पुन्हा आवळताना हबचा वरचा भाग आत ढकलला गेला की कॅम्बर उणे होतो, बाहेर ओढला गेला की अधिक. लिफ्टवर हब लोंबकळत असताना गन लावली तर तो जिथे असेल तिथेच पकडला जातो. एका बाजूला एक कोन, दुसऱ्या बाजूला दुसरा. शहाणा मिस्त्री खोलण्याआधी बोल्टच्या डोक्याभोवती आणि स्ट्रटच्या कडेलगत नकलवर पंचने खूण करतो. पण नव्या स्ट्रटवर जुनी खूण कुठून येणार? म्हणून नव्याच्या बाबतीत दोन्ही बाजू एकाच पद्धतीने, हब एकाच दिशेला दाबून आवळायच्या आणि नंतर मोजायच्या.

अलाइनमेंटवाला म्हणाला, "या गाडीत कॅम्बर अॅडजस्ट होत नाही." कागदावरही तसंच छापलं होतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण बोल्टच्या भोकातली ती फट कुणी जुळवणी म्हणून मोजत नाही. डावीकडचे दोन्ही बोल्ट सैल केले, हबचा वरचा भाग बाहेर ओढून धरला आणि आवळला. उजवीकडे उलट, किंचित आत. डावीकडे उणे ४० कला, उजवीकडे उणे ३०. एवढ्यावर काम झालं. फट पुरली नसती तर बारीक दांड्याचे कॅम्बर बोल्ट मिळतात, ते टाकावे लागले असते. आणि तेही पुरत नसतील तर नकल किंवा स्ट्रट वाकलेला आहे का ते बघावं.

कॅम्बर हलवला की टो हलतोच, कारण टायरॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारी दांडी) आपल्या जागी थांबते आणि हब झुकतो. म्हणून आधी कॅस्टर-कॅम्बर, शेवटी टो. टोकडे दुर्लक्ष केल्यास किती महाग पडतं, त्याचा साधा हिशोब करा. चाकाचा व्यास सुमारे ६०० मिलिमीटर. एकूण टो ३ मिलिमीटरने चुकला तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे अडीच मीटर आडवं घासत जातं. टायरवर आडवा हात फिरवा, एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टोच चुकला आहे. सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, ट्रकच्या मागून जाताना सापासारखी हलते, ही बरेचदा टो-आउटची तक्रार असते.

बाकीचे संशयित

माझ्याकडे नव्हते, पण ओळखीतल्या गाड्यांत पाहिलेले.

स्प्रिंगच चुकीची. एकाच नावाच्या गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल आवृत्तीत पुढच्या स्प्रिंग वेगळ्या असतात, कारण डिझेल इंजिन जड. शेजारच्या काकांच्या पेट्रोल गाडीला दुकानदाराने "एकच लागते" म्हणत डिझेलच्या दिल्या. नाक वर, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत, आणि खडबडीत वळणावर पुढचं चाक जमिनीला धरूनच राहत नाही. सीएनजीचं उलट. डिकीत पन्नास-साठ किलोंची टाकी कायमची, तरी मागे साध्या पेट्रोलच्या स्प्रिंग बसवल्या की शेपूट खाली आणि स्टिअरिंग हलकं, तरंगतं. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात. जुनी स्प्रिंग भंगारात टाकण्याआधी ते ठिपके नवीशी ताडून बघा, दुकानातच.

वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफर, 'ग्राउंड क्लिअरन्स वाढतो' म्हणून विकले जाणारे. ते दोन वेटोळी निकामी करतात, उरलेली स्प्रिंग कडक होते, आणि डाव्या-उजव्या बफरची जागा थोडी चुकली की उंचीही चुकते. नव्या स्प्रिंगवर ते पुन्हा चढवलेले असतील तर आधी काढा, मग बाकीचा शोध.

लोअर आर्मचे (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं. स्ट्रट बाहेर काढायला जागा हवी म्हणून आर्मचा बोल्ट सैल केला असेल तर तो चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडीच्या वजनाखाली आवळायला हवा. चाकं लोंबकळत असताना आवळला तर रबर त्या स्थितीत चिकटतं आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं. लवकर फाटतं, तोवर गाडी थोडी ताठ उभी राहते. मागच्या बीमच्या बुशलाही हाच नियम.

फक्त पुढचे शॉकअप नवे आणि मागचे जुनेच ठेवले तर स्पीडब्रेकरवर पुढचं एकदा दबून थांबतं, मागचं दोन-तीनदा डोलतं, आणि महामार्गावर गाडी होडीसारखी वाटते. यात जोडणीची चूक नाही. मागचेही बदला किंवा सवय करा.

लिंक रॉडचा (वळणात गाडी झुकू न देणाऱ्या बारला स्ट्रटशी जोडणाऱ्या दांडीचा) नट राहिला असेल तर खड्ड्यात 'खट खट' येतं आणि वळणात गाडी जास्त झुकते. स्ट्रट डावा-उजवा उलटा लागला असेल तर ब्रेकच्या होसची आणि एबीएसच्या वायरची पट्टी चुकीच्या बाजूला येते. चाक पूर्ण वळवून होस ताणली जाते का बघा. आणि ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य बिंदू स्कॅनरने पुन्हा शिकवावा लागतो, नाहीतर इलेक्ट्रिक स्टिअरिंग चुकीच्या मध्याकडे मदत करत राहतं. माझ्या गाडीत हे प्रकरण नाही, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

गॅरेजमध्ये परत गेलो तेव्हा

त्याच गॅरेजमध्ये गेलो, भांडायला नाही. स्प्रिंग उडी मारतानाचा व्हिडिओ दाखवला. मिस्त्रींनी एकदा स्वतः स्प्रिंगला हात लावून बघितलं, मग पोराला हाक मारली आणि मजुरी न घेता दोन्ही बाजू खोलल्या. बेअरिंगचे पैसे मी दिले. अलाइनमेंटवाल्याला मात्र आता आधी सांगतो, "सेट करण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद हवेत, आणि मशीनमध्ये मॉडेल कुठलं निवडलंय ते मला दाखवा." तो वैतागतो, पण दाखवतो.

या कामाला आता ६ हजार किलोमीटर झाले. टायरची झीज दोन्हीकडे सारखी आहे. खंबाटकीच्या त्या वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग हातातून आपोआप फिरत मध्यावर येतं. घराकडच्या दोन पदरी रस्त्यावर गाडी अजून अगदी किंचित डावीकडे जाते. तो रस्त्याचा उतार आहे, तिला हात लावलेला नाही.